पहिली रेटिंग स्पर्धा : नाशिकच्या नवख्या खेळाडूसाठी

आमच्या बुद्धिबळ क्लबात दर उन्हाळ्यात दोन-चार नवे चेहरे येतात. कुणी दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला, कुणी सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कुणी मुलाला शिकवता शिकवता स्वतःच नादी लागलेली आई. महिना-दोन महिन्यांत हात बसतो, मोबाइलवर शे-दोनशे डाव होतात आणि मग प्रश्न येतो, "स्पर्धा खेळू का?"

खेळाच. फक्त एक सांगून ठेवतो. ओट्यावरचा डाव आणि स्पर्धेतला डाव यांत पट तेवढा सारखा असतो, बाकी सगळं वेगळं. गेल्या बारा-तेरा वर्षांत मी चुकीच्या चालींनी जेवढे गुण घालवले, जवळजवळ तेवढेच घड्याळ, कागद आणि हाताच्या वाईट सवयींनी घालवले. नवख्या माणसाचे तर बहुतेक तिथेच जातात. ओपनिंगची पुस्तकं पाठ करण्याआधी या सवयी लावून घ्या, म्हणून हा लेख.

आधी स्पर्धा निवडा

माहितीपत्रकात सगळ्यात आधी वेळेचा रकाना बघा. दर खेळाडूला सगळा डाव धरून दहा मिनिटं किंवा त्याहून कमी असतील तर ती ब्लिट्झ, त्याहून जास्त पण तासाच्या आत असेल तर रॅपिड, आणि त्यापुढे क्लासिकल. क्लासिकलला बहुतेक वेळा ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद जादा, असं लिहिलेलं असतं. ६० चालींचा डाव झाला तर एकेका खेळाडूला १२० मिनिटं मिळतात, म्हणजे एक डाव चार तासही चालू शकतो. दिवसाला दोन फेऱ्या म्हणजे तो दिवस गेलाच समजा. सिन्नर, येवला किंवा मालेगावहून येणार असाल तर हा हिशेब आधी करा, नाहीतर शेवटच्या फेरीत अर्धं लक्ष परतीच्या एसटीकडे असतं.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा एखादी एक दिवसाची रॅपिड खेळा, हॉलची सवय होऊ द्या आणि दोन महिन्यांच्या आत क्लासिकलला बसा. वर्षानुवर्षं रॅपिडच खेळत राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. हात चपळ होतो, पण एका चालीवर वीस मिनिटं विचार करायची त्यांना भीती वाटायला लागते.

रेटिंग स्पर्धा, म्हणजे जिच्या निकालांवरून खेळाडूच्या ताकदीचा आकडा ठरतो ती, असेल तर अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते, जन्मतारखेचा पुरावा जवळ ठेवा. पुढे जागतिक संघटनेचा, म्हणजे फिडेचा क्रमांक मिळतो आणि तो आयुष्यभर तोच राहतो. नावाचं स्पेलिंग पहिल्याच दिवशी नीट तपासा. आडनाव आधी की नाव आधी यात झालेला घोळ नंतर निस्तरायला फार वेळ जातो. हे सगळं स्पर्धेच्या आदल्या रात्री करायचं काम नाही.

घरी करायची तयारी

आजोबांकडून बुद्धिबळ शिकला असाल तर एकदा नियम तपासून घ्या. आपल्याकडच्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं आणि राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. त्या खेळाची गोडी वेगळीच आहे, मी स्वतः तोच आधी शिकलो. स्पर्धेत मात्र प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं आणि राजाच्या उडीऐवजी कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, असतं.

दुसरी तयारी चाली लिहिण्याची. क्लासिकलमध्ये दोघांनीही आपल्या आणि समोरच्याच्या सगळ्या चाली लिहायच्या असतात. उभ्या रांगांना ए ते एच, आडव्यांना १ ते ८. राजाला के, वजिराला क्यू, हत्तीला आर, उंटाला बी आणि घोड्याला एन, कारण के हे अक्षर राजाने आधीच घेतलेलं आहे. प्याद्याला अक्षर नाही, नुसतं घर लिहायचं. खरं तर नियमाने प्रत्येकाला आपल्या देशातली मोहऱ्यांची नावं वापरायची मुभा आहे, म्हणजे घोड्याला 'घो' लिहिलं तरी चालतं. पण डाव कुणाबरोबर बसून बघायचा तर इंग्रजी अक्षरंच सोयीची पडतात.

आधी चाल करायची, मग घड्याळ दाबायचं, मग लिहायचं. चाल आधी लिहून मग खेळायची सवय काही जुन्या लोकांना आहे, आता ते नियमात बसत नाही. दर चालीला ३० सेकंद जादा मिळत असतील तर अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत लिहीत राहावं लागतं. जादा सेकंद नसतील किंवा तीसपेक्षा कमी असतील, तर पाच मिनिटांच्या खाली आल्यावर लिहिणं थांबवता येतं. घरी रोज एक डाव वही समोर ठेवून खेळा. आठवड्याभरात हात आपोआप कागदाकडे जायला लागतो.

घड्याळाचंही तसंच. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने दाबायचं. कॅसलिंग एकाच हाताने करायचं आणि आधी राजा उचलायचा. आधी हत्तीला हात लावलात, तर समोरच्याने हरकत घेतल्यावर त्या बाजूचं कॅसलिंग गेलं आणि हत्तीचीच चाल करावी लागली, असं होतं. क्लबात याकडे कुणी बघत नाही, म्हणूनच ही सवय बिघडते.

सकाळ

नाशकात रविवारची सकाळ म्हणजे मिसळ. पहिली फेरी साडेनऊची असेल तर त्या दिवशी मिसळ संध्याकाळवर ढकला. तर्रीची मिसळ आणि वर दोन पाव खाऊन तीन तास बसायचं म्हणजे पंधराव्या चालीला डोळे जड होतात. पोहे, केळं आणि बाटलीभर पाणी पुरतं. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर न्या. शाळांचे मोठे हॉल सकाळी गारठलेले असतात आणि बसून बसून थंडी जास्तच वाजते.

अर्धा तास आधी पोहोचा. किती उशीर झाला की डाव गेला, ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि पंच ते काटेकोर पाळतात. दोन पेनं जवळ असू द्या.

आणि मोबाइल. माझ्या पहिल्याच क्लासिकल स्पर्धेत तो पँटच्या खिशात राहिला, व्हायब्रेटवर. बाराव्या चालीला घरून फोन आला, जेवायला येणार का एवढंच विचारायला. पट सगळा भरलेला होता, दोघांची एकेक प्यादं तेवढी गेली होती. पंच आले, समोरच्याला पूर्ण गुण देऊन गेले. नियमच तसा आहे. परवानगी नसलेलं उपकरण अंगावर सापडलं की, माहितीपत्रकात सौम्य शिक्षा दिलेली नसेल तर डाव गेला, मग ते वाजो न वाजो. फोन बंद करा आणि बाहेर थांबलेल्या माणसाकडे द्या. बरोबर कुणी नसेल तर पंचांना विचारून ते सांगतील तिथे ठेवा. स्मार्ट घड्याळाचंही तेच.

पेअरिंग (कुणाची गाठ कुणाशी) लागली, पुढे काय

स्पर्धा बहुतेक स्विस पद्धतीची असते. १८९५ साली झुरिकमध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली, म्हणून हे नाव. यात हरलेला बाहेर पडत नाही. सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात, दर फेरीला शक्यतो सारखे गुण असलेल्याशी गाठ पडते आणि एकाच माणसाशी दोनदा पडत नाही.

पहिल्या फेरीत मात्र यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो. १०० खेळाडू असतील तर पहिला ५१व्याशी, दुसरा ५२व्याशी. तुमचं रेटिंग नाही म्हणजे तुम्ही खालच्या अर्ध्यात, म्हणजे पहिलाच डाव तगड्या माणसाशी. हे आधीच माहीत असू द्या, नाहीतर पहिल्या हारेनंतर मुलं रडवेली होतात आणि आई-वडील त्यांना घरी घेऊन जायला निघतात. असं करू नका. आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने २०२३ साली आइल ऑफ मॅनची ग्रँड स्विस जिंकली आणि जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या २०२४च्या कँडिडेट्सला टोरांटोला गेला. ती ग्रँड स्विससुद्धा या स्विस पद्धतीचीच, अकरा फेऱ्यांची. त्यात तो पहिली फेरी हरला होता. आणि पुढच्या दहा फेऱ्यांत त्याने साडेआठ गुण घेतले.

पटावर बसल्यावर उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आहे ना, वजीर आपापल्या रंगावर आहेत ना, हे बघा. कागदावर नाव, फेरी, बोर्ड क्रमांक लिहा. हस्तांदोलन करा. काळ्याने पांढऱ्याचं घड्याळ सुरू केलं की डाव सुरू.

हात लावला की खेळलं

चालवण्याच्या इराद्याने आपल्या मोहऱ्याला हात लागला की तोच खेळायचा, समोरच्याच्या मोहऱ्याला लागला आणि तो मारता येत असेल तर मारायचाच. मोहरा नुसता घराच्या मध्ये सरळ करायचा असेल तर हात लावण्याआधी 'अ‍ॅडजस्ट' म्हणा, आणि तेही आपली पाळी असतानाच.

मागे एका स्पर्धेत माझ्यासमोर नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. पाय जमिनीला टेकत नव्हते, गुडघे दुमडून खुर्चीवर बसली होती. घोडा उचलायचा म्हणून गेलेला माझा हात उंटावर पडला, बोटांनी तो धरलाही, मग सोडला. तिने मान वर केली आणि हळूच म्हणाली, "काका, टच." बरोबरच होतं तिचं. उंट हलवला, त्याच्या मागचा हत्ती उघडा पडला. डाव गेला. आता विचार करताना मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसतो. नव्या मुलांना मी आधी हेच शिकवतो.

समोरच्याने हात लावून दुसरंच काही खेळलं, तर स्वतः काहीही हलवण्याआधी घड्याळ थांबवा आणि पंचांना बोलवा. तुम्ही तुमच्या मोहऱ्याला हात लावलात की हरकत घ्यायचा हक्क संपला. चुकीची चाल करून घड्याळ दाबलं, जसं की शहात असताना राजा तसाच ठेवला, तर पहिल्यांदा समोरच्याला दोन मिनिटं मिळतात आणि तुमची चाल परत घ्यावी लागते. तेच दुसऱ्यांदा झालं तर डाव गेला.

नवी मंडळी पंचांना हाक मारायला लाजतात. हॉलमध्ये सगळे गप्प असतात, आपण हात वर करून कसं बोलवायचं, असं वाटतं. बोलवा. ते त्याचसाठी तिथे आहेत. समोरच्याशी वाद घालण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

शेवटचा तास

क्लब पातळीवरचे बहुतेक डाव तिसाव्या चालीनंतर ठरतात. तोवर एकाचं तरी घड्याळ खाली आलेलं असतं. गेल्या हिवाळ्यातला माझाच एक डाव सांगतो. मी पांढरा, रेटिंग १५५०. समोर एसटीतून निवृत्त झालेले, पंचवटीत राहणारे एक काका, रेटिंग १४५०. तीन तास होऊन गेले होते. माझा राजा ई५ वर, प्यादं ई४ वर, हत्ती ए१ वर. त्यांचा राजा ई८ वर, हत्ती जी७ वर. पटावर एवढेच पाच मोहरे. माझ्याकडे २१ मिनिटं, त्यांच्याकडे तीन.

इथे मी ती चूक केली जी जवळपास प्रत्येक जण करतो. समोरच्याचं घड्याळ संपत आलं की आपणही त्याच्याच वेगाने खेळायला लागतो. २१ मिनिटांतली वीस सेकंद वापरून मी हत्ती ए७ वर नेला. म्हटलं हत्तीला हत्ती कापू, प्यादं पुढे सरकवू, वजीर करू. ए७ वरचा हत्ती फुकट मारता येत होता, पण घाईत ते दोघांनाही दिसलं नाही. काकांनी हत्ती ई७ वर ठेवला, शह. माझा हत्ती त्यांच्या हत्तीच्या तोंडी, त्यामुळे मारण्यावाचून गत्यंतर नाही. मी मारला, त्यांनी राजाने मारला. आता राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि चाल माझी. यालाच विरोध-स्थिती म्हणतात. ज्याची चाल त्याला वाट सोडावी लागते.

मी राजा डी५, त्यांनी डी७. प्यादं ई५, त्यांनी राजा ई७. प्यादं ई६. आता त्यांना मागे हटायला तीन घरं होती, डी८, ई८ आणि एफ८. डी८ किंवा एफ८ वर गेले असते तर माझा राजा डी६ वर, त्यांचा नाइलाजाने ई८ वर, प्यादं ई७, आणि ते एफ७ वर गेले की मी डी७. पुढच्या चालीला वजीर. काकांचं घड्याळ ४० सेकंदांवर होतं. त्यांनी बोट पटाच्या वर धरलं, हात न लावता तिन्ही घरांवरून एकदा फिरवलं आणि राजा सरळ मागे, ई८ वर ठेवला. मी राजा डी६, त्यांनी डी८. प्यादं ई७ शह, राजा ई८. आता मी राजा ई६ वर नेला तर कोंडी, म्हणजे शह नाही पण त्यांना चालही नाही, दुसरीकडे नेला तर प्यादं गेलं. डाव बरोबरीत.

नवख्या खेळाडूने शेवटाच्या डावांतलं एवढं एकच आधी पक्कं करावं. राजा आणि प्यादं विरुद्ध एकटा राजा, आणि शंका असली की सरळ मागे. पंधरा मिनिटांत शिकून होतं आणि आयुष्यभर अर्धा-अर्धा गुण वाचवत राहतं.

बरोबरी विचारायची झाली तर आधी चाल करा, मग विचारा, मग घड्याळ दाबा. कागदावर त्या चालीपुढे बरोबरचं चिन्ह काढा. उत्तर येईपर्यंत परत विचारू नका, एकाच डावात दोन-तीनदा विचारणं समोरच्याला त्रास देण्यासारखं आहे. तीच स्थिती तिसऱ्यांदा येत असेल तर दावा करता येतो, पण त्यासाठी ती चाल खेळायची नाही. कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना सांगायचं. कागद अर्धवट असेल तर हा दावा सिद्ध करणं अवघड.

रेटिंगचा हिशेब

पहिलं रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात. ते एकाच स्पर्धेत व्हावेत असं नाही. १ मार्च २०२४ पासून यादीतलं सर्वांत खालचं रेटिंग १४०० आहे, आणि नवी यादी दर महिन्याच्या १ तारखेला येते.

त्यानंतर पहिले ३० डाव पूर्ण होईपर्यंत तुमचा गुणक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा, ४० असतो. तुम्ही १४५० आणि समोरचा १५५० असेल तर तुमच्याकडून ०.३६ गुणांची अपेक्षा धरली जाते. जिंकलात तर ०.६४ गुणिले ४०, म्हणजे २५.६ वाढले. बरोबरी झाली तर ५.६ वाढले, हरलात तर १४.४ गेले. म्हणून आपल्यापेक्षा वरच्या माणसाशी गाठ पडली की तोंड पाडून बसू नका, तुमच्यापेक्षा जास्त धोका त्याला आहे. माझा गुणक आता २० आहे. काकांशी झालेल्या त्या बरोबरीत माझे २.८ गेले.

पालकांना एक विनंती. डाव संपवून मूल हॉलच्या दाराशी आलं की "काय झालं?" हा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत विचारू नका. आधी पाणी द्या. काय झालं ते चेहऱ्यावर दिसतंच.

डावानंतर

निकाल दोन्ही कागदांवर लिहून दोघांनी सह्या करायच्या. कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवा, घडी न घालता. मग हॉलमधून बाहेर पडा आणि समोरच्याला विचारा, "दोन मिनिटं बघूया का?" आतमध्ये नको, दुसऱ्यांचे डाव चालू असतात. बहुतेक जण हो म्हणतात. घरी गेल्यावर संगणक सगळ्या चुका दाखवेल, पण समोरच्याच्या मनात त्या क्षणी काय होतं ते फक्त तोच सांगू शकतो. म्हणून संगणकाकडे त्यानंतर जा.

आम्ही फाटकाबाहेरच्या टपरीवर गेलो. काकांनी पिशवीतून चुंबकाचा छोटा पट काढला, चहाचे ग्लास बाजूला सरकवले आणि ते पाच मोहरे होते तसे लावले. माझा हत्ती त्यांनी ए७ वरून उचलून परत ए१ वर ठेवला. मग माझा राजा ई५ वरून एफ६ वर नेला, त्यांच्याच हत्तीच्या अंगावर.

"हे खेळला असतास तर?" ते म्हणाले. "हत्ती कुठे न्यायचा, मला विचार करावा लागला असता. आणि माझ्याकडे तीन मिनिटं होती, भाऊ."

ती चाल मी पाहिलीसुद्धा नव्हती. जिंकलोच असतो असं नाही, पण झगडा चालू राहिला असता. मी कागदाच्या समासात ती चाल आणि तिच्यापुढे "२१ मि." असं लिहून ठेवलं. दुसरा चहा सांगितला. त्यांनी मोहरे परत लावले, या वेळी पट फिरवून, आणि पांढरे स्वतःकडे घेतले.